बुडत्यास काडीचा आधार पुरे काय ?

“बुडत्यास काडीचा आधार” ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. संकटांत सांपडलेला मनुष्य हातास लागेल तें धरूं पाहतो, इतकाच तिचा सरळ अर्थ. परंतु कांठावर उभ्या असलेल्या माणसांनीं ती स्वतःस लावून पाहिली, तर तींतून एक निराळा प्रश्न निघतो. पाण्यांतून बाहेर काढलेल्या, श्वास थांबलेल्या मनुष्यास आपण जो आधार देऊं, तो काडीचाच असावा, कीं त्याचा भार सोसेल असा असावा ? या प्रश्नाचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आमच्या शहराच्या नांवांतच नदीचें नांव आहे. घाटाजवळून निघालेली उल्हास नदी कर्जत, वांगणी व बदलापूर यांच्या बाजूनें वाहत आमच्या शहराच्या सीमेस येते व पुढें कल्याणच्या खाडीकडे जाते. अंबरनाथचें प्राचीन शिवालय ज्या वालधुनीच्या कांठीं उभें आहे, तीच वालधुनी पुढें आमच्या वस्तींतून जाते. बदलापुरापलीकडे बारवीचें धरण आहे. कोंडेश्वराचा धबधबा व त्याचें खोल कुंड आहे. पावसाळा लागला कीं रविवारच्या लोकल गाड्या तरुणांनीं भरून त्या बाजूस जातात, आणि त्यांतील कांहीं घरीं परत येत नाहींत. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत घाटकोपरहून आलेले चार तरुण कोंडेश्वर येथें बुडाले. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. सरकारी नोंदींप्रमाणें आपल्या देशांत अपघातानें बुडून मरणाऱ्यांची संख्या अलीकडे वर्षास ३०,००० हून अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें २०२१ सालीं सर्व जगांत सुमारें ३,००,००० माणसें बुडून मेलीं. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २५ जुलै हा दिवस बुडण्याचे अपघात टाळण्याच्या कार्यास वाहिला.

या सर्व प्रसंगीं काळ फार थोडा असतो. श्वास थांबला म्हणजे शरीरांतील प्राणवायु संपूं लागतो, हृदयाची गति मंदावते व लवकरच तें थांबतें. रक्ताचा प्रवाह थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानि होऊं लागते. आमच्या कॅम्प नं. ३ मध्यें मध्यवर्ती रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रभर धांवत आहेत. त्या दोन्ही सोयींबद्दल आपण कृतज्ञ असलें पाहिजे. परंतु कोंडेश्वराच्या खडकांतून रुग्णालयाच्या दारापर्यंत चार मिनिटांत पोहोंचविणारी गाडी कोणापाशींही नाहीं. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’ या संस्थेचे पगारी जीवरक्षक पहारा करीत आले आहेत. शहरांतील पोहण्याच्या तलावांवरही जीवरक्षक नेमलेले असतात. आमच्या नदीच्या कांठीं व धबधब्याखालीं असा मनुष्य सहसा नसतो. तेथें मासे धरणारा, गुरें राखणारा मुलगा, किंवा बरोबर सहलीस आलेला मित्र, हाच काय तो जीवरक्षक. म्हणून ही विद्या थोड्यांची न राहतां पुष्कळांची झाली पाहिजे.

ही विद्या एका दिवसांत जन्मास आलेली नाहीं. १७६७ सालीं ॲम्स्टरडॅम शहरांत बुडालेल्यांस वांचविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, व १७७४ सालीं लंडन येथें तशीच दुसरी निघाली. रोग्यास पिपावर घालून लोळविणें, भात्यानें त्याच्या शरीरांत तंबाखूचा धूर सोडणें, असले उपाय त्या काळीं शहाणे लोकही करीत. १९०३ मध्यें शेफर यांनीं रोग्यास पालथें घालून पाठ दाबण्याची रीत सांगितली. १९३२ मध्यें होल्गर नील्सन यांनीं तींत हात उचलण्याची जोड दिली. प्रथमोपचाराच्या जुन्या वर्गांतून याच रीति शिकवीत असत. १९५० नंतर ईलम व साफर या डॉक्टरांनीं तोंडानें श्वास देण्याची रीत अधिक गुणकारी असल्याचें दाखविलें. १९६० सालीं बाल्टिमोर येथें कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरतें ठेवितां येतें हें प्रसिद्ध केलें. या दोन रीतींचा जो मिलाफ झाला, त्यासच आज सी.पी.आर. असें म्हणतात.

इतकें होऊनही आमच्याकडे बुडालेल्यास उलटें धरून हलविणें व पोट दाबून पाणी काढणें हे प्रकार अद्याप चालतात. पोट दाबल्यानें पोटांतील अन्न व पाणी घशांत येऊन श्वासमार्गांत शिरतें, आणि जीं चार मिनिटें हातीं असतात तींही व्यर्थ जातात. आजचा नियम थोडक्यांत असा. हांक मारून व खांदे हलवूनही मनुष्य शुद्धीवर नाहीं, त्याचा श्वासही नीट चालत नाहीं, असें दिसतांच एकानें १०८ किंवा ११२ वर कळवावें व दुसऱ्यानें कामास लागावें. रोग्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून, छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, व कोपर न वांकवितां दाब द्यावा. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे, मात्र ६ च्या पलीकडे जाऊं नये. एका मिनिटांत १०० ते १२० दाब पडावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्णपणें वर येऊं द्यावी. तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावे, व त्यासाठीं दहा सेकंदांहून अधिक थांबूं नये.

बुडालेल्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. ज्याचें हृदय एकाएकीं बंद पडतें, त्याच्या रक्तांत थोडा वेळ प्राणवायु शिल्लक असतो. म्हणून त्याच्या छातीवर नुसता दाब दिला तरी आरंभीं पुष्कळ काम होतें. बुडालेल्याचा प्राणवायु आधींच संपलेला असतो. त्यास प्रथम श्वास दिला पाहिजे. युरोपच्या नियमांत आरंभीं ५ श्वास सांगितले आहेत व अमेरिकेच्या नियमांत २. तत्त्व दोहोंचें एकच. ज्यास श्वास देतां येत नसेल त्यानें निदान दाब तरी सोडूं नये.

येथवर जें सांगितलें तें एका पानावर मावतें, आणि पुष्कळांस तें ठाऊकही आहे. ६ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें सी.पी.आर. शिकविण्याचा देशव्यापी उपक्रम काढला. शाळांत व कचेऱ्यांत वर्ग भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हे वर्ग कसे भरतात तेंही पाहिलें पाहिजे. आम्हीं पाहिलेल्या एका वर्गांत साठ मुलांमागें सरावाचा एकच पुतळा होता. प्रत्येकाच्या वांट्यास अर्धें मिनिट आलें. हात कोठें पडले, छाती किती दबली, पुन्हां वर आली कीं नाहीं, हें पाहण्यास शिकविणाऱ्यास सवड नव्हती. सायंकाळीं सर्वांस प्रमाणपत्रें मिळालीं व छायाचित्र निघालें. शिकविणाऱ्याचा हेतु चांगला होता व मुलेंही मन लावून ऐकत होतीं. तथापि त्या साठ जणांपैकीं किती जणांच्या हातांत ही विद्या उतरली, हें त्या दिवशीं कोणासही सांगतां आलें नसतें.

कोणी म्हणेल, डोळ्यांनीं पाहिलें, कानांनीं ऐकलें, आणखी काय पाहिजे ? याचें उत्तर असें कीं या कामांत स्वतःचे हात स्वतःस फसवितात. २००५ सालीं दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एक रुग्णालयांतील होता व दुसरा रुग्णवाहिकांवरील. दोहोंतही असें आढळलें कीं शिकून तयार झालेल्या लोकांचे दाब देखील पुष्कळ वेळां उथळ पडत होते, व मध्येंच खंडही पडत होता. दाब देणारा एकदोन मिनिटांत थकूं लागतो, दाब उथळ होऊं लागतात, पण आपण थकलों हें त्यास कळत नाहीं. तो घाम गाळीत असतो, म्हणून काम बरोबर चाललें आहे असेंच त्यास वाटतें. यासाठींच दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा असा नियम झाला.

शिक्षकाच्या धंद्यांतील माणसास यांत नवल वाटणार नाहीं. मुलानें कित्ता गिरवितांना पहिल्या ओळींत अक्षर वांकडें काढलें व कोणीं तें दाखविलें नाहीं, तर पानाच्या तळापर्यंत तेंच वांकडें अक्षर तो अधिक जोरानें काढीत जातो. सराव झाला, पण चुकीचा झाला. आठ दिवसांनीं वही तपासून लाल शाईनें केलेली खूण त्याच्या कांहीं उपयोगीं पडत नाहीं. जवळ बसून त्याच क्षणीं हात धरणारा गुरु पाहिजे असतो. पेटी शिकणाऱ्याचा सूर चुकला तर कानास तत्काळ कळतें, म्हणून तो सुधारतो. छातीवरील दाब मात्र एक सेंटिमीटर कमी पडला तर तो दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, आणि रोगी तर बोलत नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं आतां यंत्रें निघालीं आहेत. त्यांचें काम एकच : दाब मोजणें, व चूक होतांच सांगणें. कांहीं पुतळ्यांच्या छातींत मोजणारा भाग बसविलेला असतो. दाब पुरेसा पडला कीं टक् असा आवाज होतो किंवा हिरवा दिवा लागतो. कांहींतून गति व खोली समोरच्या पडद्यावर अंकांत दिसते. कांहीं यंत्रें तळहाताखालीं ठेवावयाच्या चपट्या तबकडीसारखीं असतात व तीं “जोरानें दाबा”, “हात पूर्ण वर घ्या” असें बोलून सांगतात. चांगल्या पुतळ्यांत दिलेला श्वास छातींत गेला कीं नाहीं हेंही कळतें. अमेरिकन हार्ट असोसिएशन या प्रसिद्ध संस्थेनें ३१ जानेवारी २०१९ पासून मोठ्या माणसांचा सी.पी.आर. शिकविणाऱ्या आपल्या सर्व वर्गांत असें मोजून सांगणारें साधन आवश्यक केलें. अशा साधनावर शिकलेल्यांचे दाब योग्य खोलीस व योग्य गतीनें पडतात, असें शिकविण्याच्या अनेक प्रयोगांत दिसून आलें आहे.

सरावाच्या पुतळ्याची कथाही येथें सांगण्याजोगी आहे. नॉर्वे देशांत स्टावांगर गांवीं आस्मुंड लेर्डाल नांवाचा खेळणीं करणारा गृहस्थ होता. त्याचा लहान मुलगा एकदां पाण्यांत बुडतां बुडतां वांचला होता. डॉक्टरांनीं सरावासाठीं मानवाकृति पुतळा मागितला, तेव्हां त्यानें तो मनावर घेऊन केला, व १९६० मध्यें तो जगापुढें आला. त्यास चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदींत मेलेली सांपडली असें सांगतात त्या अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून. जिला कोणी वांचवूं शकलें नाहीं, तिच्या मुखावर लक्षावधि लोक दुसऱ्यांस वांचविण्यास शिकले.

यंत्राची स्तुति करितांना त्याच्या मर्यादाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. अमेरिका व कॅनडा येथील रुग्णवाहिकांवर प्रत्यक्ष रोग्यांच्या बाबतींत असें यंत्र वापरून पाहिलें, त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. दाब सुधारले, पण त्यामुळें अधिक रोगी जगले असें त्या चांचणींत सिद्ध झालें नाहीं. रोगी जगणें हें अनेक गोष्टींवर अवलंबून असतें : मदत केव्हां सुरू झाली, रोग कोणता, पुढें रुग्णालयांत काय झालें. म्हणून यंत्र विकत घेतलें कीं माणसें वांचूं लागतील असा भ्रम कोणीं धरूं नये. शिवाय कांहीं यंत्रें मऊ गादीवर ठेविलीं तर गादी दबली तरी छातीच दबली असें समजतात. ज्या यंत्रास केवळ दाब मोजतां येतो, त्यावरच शिकलेला मनुष्य बुडालेल्यास श्वास देण्यास विसरण्याचा संभव आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं हें साधन शिकण्याच्या जागीं फार मोलाचें आहे. तेथें चूक केली तरी कोणाचा प्राण जात नाहीं, आणि ती त्याच वेळीं सुधारून घेतां येते.

दुसरी गोष्ट विस्मृतीची. ही विद्या शिकल्यावर तीन ते सहा महिन्यांत हातांतून ओसरूं लागते, असें वारंवार आढळलें आहे. तेव्हां वर्षांतून एकदां दिवसभर भरलेल्या वर्गापेक्षां, दर तिमाहीस पंधरा मिनिटांचा मोजलेला सराव अधिक हिताचा. पाढे असेच पाठ राहतात. एकदां म्हणून टाकलेला एकोणतिसाचा पाढा परीक्षेच्या दिवशीं आठवत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस वेगळें सांगावयास नको.

जीवरक्षकांच्या शिक्षणाविषयीं येथें थोडें लिहिणें अवश्य आहे. पोहणें उत्तम येतें म्हणून मनुष्य जीवरक्षक नेमला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु बुडत्यास ओढून आणल्यावर त्याचें काम अर्धेंच झालेलें असतें, व त्या वेळीं त्याचा स्वतःचा दम संपत आलेला असतो. थंड डोक्यानें, सतरंजीवर बसून केलेला सराव त्यास पुरणार नाहीं. त्यानें तलावांत दोन फेऱ्या पोहून, एखादा सहकारी ओढून आणून, त्याच दमलेल्या हातांनीं मोजणाऱ्या पुतळ्यावर दोन मिनिटें दाब द्यावे, आणि अंक पाहावे. म्हणजे आपला हात केव्हां ढिला पडतो व जोडीदारास केव्हां हांक मारावी, हें त्यास अनुभवानें कळेल. तलाव चालविणाऱ्या संस्थांनीं व नगरपालिकांनीं जीवरक्षकाच्या नेमणुकीच्या वेळीं असे अंक मागावे व दर तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावे, असें आम्हांस वाटतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील हजारांहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल, नौदल व गांवकरी यांनीं त्या दिवशीं जें केलें, त्याच्या मुळाशीं धैर्याबरोबर पुष्कळ दिवसांचा सराव होता.

आतां खर्चाचा प्रश्न. मोजणारा पुतळा महाग असतो, आणि प्रत्येक शाळेस तो घेतां येणार नाहीं, हें खरें आहे. परंतु एका गांवांतील पांच-सहा शाळांनीं मिळून एक घेतला, व तो आळीपाळीनें फिरविला, तर भार हलका होतो. तोंवर हात बांधून बसण्याचेंही कारण नाहीं. तत्काळ सुधारणा हें तत्त्व आहे. यंत्र हें त्याचें एक साधन. वर्गांतील घड्याळ हेंही गुरूचें काम करूं शकतें. हिशेब साधा आहे. मिनिटास १०० या गतीनें तीस दाबांस १८ सेकंद लागतात, व १२० या गतीनें १५. एकानें घट्ट उशीवर किंवा साध्या पुतळ्यावर दाब द्यावे, दुसऱ्यानें सेकंदकांटा पाहावा, तिसऱ्यानें कोपर वांकतात काय व हात पूर्ण वर येतात काय तें पाहावें. तीस दाब १५ सेकंदांच्या आंत संपले तर “हळू”, १८ च्या पुढें गेले तर “जलद”, असें लगेच सांगावें. मोबाइल फोनवर टक् टक् असा ठेका देणारी सोय फुकट मिळते. ती मिनिटास ११० वर लावावी. या उपायांनीं गति व रीत सुधारते. खोली मात्र उशीवर खरी मोजतां येत नाहीं. त्यासाठीं मोजणारा पुतळा निदान अधूनमधून तरी पाहिजेच. आणि एक ताकीद : हा सराव जिवंत मनुष्याच्या छातीवर, थट्टेनें देखील, कदापि करूं नये.

कांहीं पालकांस निराळी भीति वाटते. उद्यां मुलगा कोणाच्या मदतीस धांवला, तो मनुष्य दगावला, तर पोलिसांचें लचांड मागें लागेल, असें ते म्हणतात. रस्त्यावरील अपघातांपुरती ही भीति कायद्यानें दूर केली आहे. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांस बळ दिलें, आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ घालून, वाहनाच्या अपघातांतील जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर खटला होऊं नये अशी तरतूद झाली. इंग्रजींत या कायद्यानें अशा मनुष्यास जें नांव दिलें आहे, तें शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याचेंच आहे. बुडणाऱ्यांच्या बाबतींतही असेंच स्पष्ट संरक्षण मिळावें, असें आमचें मत आहे. त्या दृष्टांतांतील एक गोष्ट मात्र वाचणाऱ्यांच्या नजरेंतून सुटते. याजक व लेवी बाजूनें निघून गेले. शोमरोन्यास कळवळा आला, इतकेंच तेथें सांगितलेलें नाहीं. त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, जखम कशी बांधावी हें त्यास येत होतें, आणि जखमीस कोठें न्यावें हेंही तो जाणत होता. दयेच्या जोडीस कसब नसतें, तर त्या वाटेवरील मनुष्य कळवळ्यानेंच मेला असता.

दुसरी शंका अशी कीं हें काम लहानांचें नव्हे. नॉर्वे देशांतील शाळांत १९६१ पासून हें शिक्षण दिलें जातें. डेन्मार्कमध्यें २००५ पासून शाळांत तें सक्तीचें झालें. त्या देशांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या शंभर जणांमागें, जवळच्या माणसानें सी.पी.आर. दिला अशांचें प्रमाण २००१ सालीं सुमारें २१ होतें, तें २०१० सालीं सुमारें ४५ झालें. आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचें प्रमाण ३.५ वरून सुमारें ११ वर गेलें. हें सारें श्रेय शाळांचेंच असें कोणी म्हणत नाहीं. तेथें रुग्णवाहिकाही सुधारल्या व उपचारही. तथापि शिकलेलीं माणसें वाढलीं तेव्हां मदतीस येणारे हातही वाढले, हें उघड आहे. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बारा वर्षांवरील मुलांस वर्षांतून दोन तास हें शिक्षण द्यावें या योजनेस संमति दिली. त्याहून लहान मुलांनीं निदान मदतीस हांक मारणें, १०८ फिरविणें व ठिकाण नीट सांगणें शिकावें. मुलींनींही तें मुलांइतकेंच शिकावें. संकटाच्या वेळीं जवळ आई, बहीण किंवा वर्गमैत्रीणच असेल, आणि त्या वेळीं संकोच करण्यास सवड नसेल.

येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट बजावून सांगणें जरूर आहे. या लेखाचा अर्थ, कोणी बुडतांना दिसला कीं पाण्यांत उडी घ्यावी, असा कोणीं करूं नये. एकास वांचविण्यास गेलेले दोघेतिघे त्याच्याबरोबर बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यांत वाचावयास मिळतात. बुडणारा भयानें मिठी मारतो व चांगल्या पोहणाऱ्यासही खालीं नेतो. तुम्ही कांठावरच राहावें, मोठ्यानें ओरडावें, बांबू, दोर, साडी, ओढणी, रिकामा बंद डबा, जें मिळेल तें त्याच्याकडे फेंकावें किंवा पुढें करावें. तो बाहेर आल्यावर तुमच्या हातांचें काम सुरू होतें. आणि ज्या कुंडाची खोली ठाऊक नाहीं त्यांत न उतरणें, हा तर सर्वांत स्वस्त उपाय होय.

शेवटीं आमची सूचना अशी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील शाळांनीं, मंडळ कोणतें व माध्यम कोणतें हा भेद बाजूस ठेवून, मिळून मोजणारे दोन पुतळे घ्यावे : एक मोठ्या माणसाचा, एक लहान मुलाचा. जून महिन्यांत, पावसाचा जोर होण्यापूर्वीं, आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें त्यावर दोन मिनिटें दाब द्यावे व श्वास द्यावा, आणि त्याचे अंक त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहावे. दिवाळीनंतर व परीक्षेपूर्वीं तोच सराव पुन्हां व्हावा. ज्याचे अंक कमी येतील त्यास लाज वाटूं देऊं नये. त्यास आणखी दोन मिनिटें द्यावीं. गणितांत नापास झालेला मुलगा या विषयांत पहिला येणें अगदीं शक्य आहे, आणि त्यास तो मान मिळाला तर शाळेचें कांहीं बिघडणार नाहीं. पालकांपैकीं जे डॉक्टर, परिचारिका किंवा अग्निशामक दलांतील आहेत, त्यांनीं तिमाहींतून एक तास द्यावा. जे व्यापारी व कारखानदार आहेत, त्यांनीं पुतळ्याच्या खर्चास हातभार लावावा, व आपल्या कारखान्यांतील कामगारांसही तो सराव करूं द्यावा. विजेच्या धक्क्यानेंही हृदय थांबतें, हें त्यांस ठाऊक असेलच.

पुढील पावसाळा ठरलेल्या वेळीं येईल. नदी फुगेल, धबधबे कोसळतील, व सुटीच्या दिवशीं मुलें तिकडे धांवतील. तीं थांबणार नाहींत. त्यांच्या बरोबर निदान एक जण असा असावा, कीं ज्याच्या हातांस ५ सेंटिमीटर म्हणजे किती हें माहीत आहे. असा एक जण प्रत्येक घरांत तयार करणें शाळेस व पालकांस मिळून अशक्य नाहीं. जून महिना दूर नाहीं. पालकांनीं या सूचनेचा विचार करून आपलें मत वर्गशिक्षकांस कळवावें, अशी आमची विनंती आहे.